सेल फिरतो, पण ट्रॅक्टर सुरू होत नाही

धाराशिव जिल्ह्यात मृगाच्या पावसानंतर वाफसा फार दिवस थांबत नाही, आणि नेमका त्याच सकाळी महिनाभर उभा असलेला जुना ट्रॅक्टर अडून बसतो. सेल जोमाने फिरत असेल तर बॅटरीला दोष देऊ नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. म्हणून सेल मारताना सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर आला तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. दोष बहुधा कॉम्प्रेशनचा किंवा टायमिंगचा, तेथे मिस्त्रीच हवा. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. आधी बंद करण्याचा नॉब पूर्ण आत आहे का, टाकीचा कॉक उघडा आहे का, ते पाहावे. (मिस्त्री गावाहून यावा आणि नॉबच ओढलेला निघावा, असे पुष्कळदा होते!) नंतर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळावा. तसेच डिझेल पंपावर करावे. पुन्हा हवा धरली तर नळीच्या जोडावरचे वॉशर बदलावेत. जुन्या डिझेल जीपलाही हेच लागू आहे. सेल एका वेळी १० सेकंदांहून जास्त मारू नये. एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावणे मात्र टाळावे. त्याने पिस्टन फुटू शकतो, हातही भाजतो.