सहावा गठ्ठा

महसूल खात्यात ज्याने हयात काढली त्याला 'सहा गठ्ठे' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो की, कारकुनाच्या टेबलावरील कागद कार्यवाहीचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिकांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेखकक्षात पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे अशा सहा गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची एक जुनी शिस्त आहे, आणि तीतला शेवटचा गठ्ठा हा कारकुनाच्या विवेकाची खरी परीक्षा पाहणारा असतो. कागद फाइलीला लावणे कोणालाही जमते. हा कागद आता नको, असे स्वतःच्या सहीनिशी म्हणायला छाती लागते. धुळ्याच्या कचेरीत बत्तीस वर्षे ही शिस्त पाळून निवृत्तीनंतर जळगावी मुलाकडे येऊन राहिलेल्या माझा लॅपटॉप एके सकाळी 'जागा शिल्लक नाही' म्हणून अडून बसावा, याची मला थोडी लाजच वाटली.

गोलाणी मार्केटातल्या एका दुकानात तो घेऊन गेलो. काउंटरवरचा पोरगा बोलीवरून धुळ्याकडचा वाटला. पडद्यावर नजर टाकून म्हणाला, "नाना, यानामा जागाच नही ऱ्हायनी. मोठी डिस्क टाकी देऊ?" उपाय खोटा नव्हता, पण दफ्तर भरले म्हणून दरवर्षी नवी खोली बांधणारा मामलेदार मी पाहिलेला नाही. लॅपटॉप पिशवीत घालून तसाच घरी आलो.

प्रथम हिशेब तपासला. खोक्यावर 256 जीबी छापलेले आणि पडद्यावर मात्र 238. तेव्हा अठरा जीबींचा अपहार कोणी केला, असा माझा पहिला, खात्याच्या सवयीचा प्रश्न. अपहार कोणीच केलेला नव्हता. डिस्क तयार करणारे हजारांच्या पटीने मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीने मोजते, एवढाच काय तो फरक. पूर्वी एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशी जुळत नसे, त्यातलाच हा प्रकार. त्या 238 पैकी शिल्लक होते अवघे तीन.

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडले की कोणत्या सदराखाली किती जागा अडली आहे याचा तक्ता समोर येतो. त्यातले 'टेंपररी फाइल्स' हे सदर म्हणजे यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी काढलेली टाचणे: अद्ययावत होताना उतरवलेल्या व काम संपल्यावर तशाच पडून राहिलेल्या फाइली, छायाचित्रांच्या लघुप्रतिमा, आणि मोठी सुधारणा बसवली असेल तर 'विंडोज.ओल्ड' या नावाने बांधून ठेवलेले जुने बिऱ्हाड. हे बिऱ्हाड परत जाण्याची वेळ आलीच तर असावे म्हणून साधारण दहा दिवस राखले जाते आणि पुढे आपोआप हलते. नवे नीट चालत असेल तर आधी हलवायलाही हरकत नाही. एवढ्यानेच सव्वीस जीबी मोकळे झाले. रिसायकल बिन या केराच्या टोपलीत आणखी चौदा होते. टोपलीत टाकलेली फाइल घरातून गेली असे आपण समजतो, पण टोपली रिकामी होईपर्यंत ती पूर्वीइतकीच जागा अडवून बसलेली असते.

याच तक्त्यात एक फसगतीची जागा आहे, आणि मी तीत पडता पडता वाचलो. यंत्राच्या टाचणांच्या ओळीत 'डाउनलोड्स' हेही नाव येते. त्यापुढची चौकट मुळात कोरी असते. पण सर्व चौकटींवर खुणा करीत सुटलेल्या माणसाचे बोट तिथेही पडते, तसे माझेही पडले. पुसण्याच्या बटणापाशी हात थांबला तो केवळ जुन्या सवयीने, कारण नाशाच्या यादीवर सही करण्यापूर्वी यादी वाचायची असते. ते दालन उघडून पाहिले, तर सातबाऱ्याचे उतारे, विजेची बिले, एकाच लग्नपत्रिकेच्या सात प्रती, आणि त्यांच्याच मध्ये, माझ्या बहिणीने कधीतरी मेलने पाठवलेली, आमच्या आईने 1958 साली अमळनेरहून लिहिलेल्या पत्रांची स्कॅन केलेली चित्रे. मूळ पत्रांना पुढे वाळवी लागली. सातबारा सरकारी संकेतस्थळावरून उद्या पुन्हा उतरवता येईल. आईचे पत्र कुठून उतरवणार?

धुळ्याच्या माणसाला अशा वेळी राजवाडे आठवल्यावाचून राहत नाहीत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून आणि पेट्यांतून कागदांचे रुमाल गोळा केले. 1898 मध्ये निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात 1750 पासून पानिपतच्या 1761 पर्यंतची पत्रे आली, आणि पुढे ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचा देह पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दफ्तर तेथे आजही सांभाळून आहे. ज्या घरांतून ते कागद मिळाले त्यांपैकी कित्येकांच्या लेखी ती अडगळ होती. मात्र यावरून काहीच पुसू नये असा अर्थ कोणी काढील तर तो चुकेल: राजवाड्यांनी जपले ते एकुलते एक कागद, आणि माझ्या लॅपटॉपात तुंबल्या होत्या त्या प्रतींच्या प्रती.

शिवाय जागा खरोखर कोण खाते, हेही एकदा पाहावे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दर रविवारी जी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, ती आज संगणकात साध्या मजकुराच्या रूपाने ठेवली, तर देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट मोजूनही तो सारा ग्रंथ दोनएक मेगाबाइटांत बसेल, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका बऱ्या छायाचित्राच्या आत. उलट त्याच मोबाइलवरचे चित्रीकरण मिनिटाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट गिळते. म्हणून पत्रे आणि लेख पुसून जागा करू पाहणे व्यर्थ आहे. फाइली आकारमानाप्रमाणे लावाव्यात आणि वरून हात घालावा. माझ्याकडे वर होती ती पुतण्याच्या हळदीची व वरातीची चित्रणे, चाळीस जीबी. ती बाहेरच्या डिस्कवर नेली, तिथे ती उघडतात याची खात्री केली, आणि मगच इथून काढली. डाउनलोड्समधले वीस जीबी एकेक नाव वाचून पुसले. दोन दुपारी गेल्या.

पुसणे म्हणजे नेमके काय, याविषयीही गैरसमज फार. टोपली रिकामी केल्यावर यंत्र फेरिस्तातली नोंद तेवढी खोडते. कागद जागेवरच असतो आणि त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकाराला तो परत काढता येतो. निदान जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कचा व्यवहार असा होता. हल्लीच्या लॅपटॉपांतली एसएसडी मात्र नोंद खोडल्याची वर्दी मिळताच ते कप्पे थोड्याच वेळात खरोखर कोरे करते, त्यामुळे चूक निस्तरण्याची ती जुनी सवलत आता जवळजवळ बंद झाली आहे. एका बोटात सारे स्वच्छ करून देण्याचे आश्वासन देणारी फुकट सॉफ्टवेअरे मी या कारणाने जवळ केली नाहीत. विंडोजच्या स्वतःच्या दालनातल्या, नाव न कळणाऱ्या फाइलींनाही हात लावला नाही, कारण दुसऱ्या खात्याचे दफ्तर आपण जाळायचे नसते.

तिसऱ्या दिवशी शिल्लक एकशे तीन जीबी दिसली. आईची पत्रे एकूण बावीस, त्यांना जागा लागली एकेचाळीस मेगाबाइट. एक प्रत लॅपटॉपात ठेवली, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी पेनड्राइव्हवर घालून धुळ्याला बहिणीकडे पाठवली. तिचा रात्री फोन आला: अकराव्या पत्राचे दुसरे पान उलटे स्कॅन झाले आहे, तेवढे सरळ करून दे.