गाडी लावायची जागाही पाळीनेच



गळीत हंगाम सुरू झाला की गव्हाणीपासून गावच्या वेशीपर्यंत वाहनांची रांग लागते. त्यात आठवडी बाजार आला की विचारूच नका! रस्त्याच्या एका अंगाला मोटारसायकली, दुसऱ्या अंगाला जीप-टेम्पो, आणि मध्येच आपल्यापैकी कुणाची तरी रिकामी ट्रॉली. अशात दवाखान्याची गाडी अडली की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जागा कमी आहे हे खरे. पण आहे त्या जागेची वाटणी नीट होत नाही, हे अधिक खरे.

पाण्याचेच बघा. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने दारे मोडून दिले आणि तो घरी जाऊन झोपला, तर टोकाच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो. म्हणून आपल्याकडे शेजपाळी आली. रस्त्यालाही तोच न्याय लावला पाहिजे. दुकानदार सकाळी ९ वाजता आपली मोटार दारात उभी करतो, ती ५ वाजता हलवतो. एक-एक तासाची पाळी धरली, तर तेवढ्याच जागेत ८ गिऱ्हाइकांचे काम उरकते. दारापुढची जागा अडवून दुकानदार आपलाच धंदा अडवतो.

दुसरा हिशेब जागेचा. मोटारीला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. मोटारसायकलला दोन चौरस मीटर पुरतात. एका मोटारीच्या जागेत सहा मोटारसायकली बसतात. म्हणून बाजाराजवळची जागा दुचाकी, सायकली आणि अपंगांची वाहने यांना द्यावी. मोटारी व ट्रॉल्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लावाव्यात. अरुंद पेठेत सम तारखेस एक बाजू, विषम तारखेस दुसरी, ही पद्धत शहरांत चालते. ती आपल्याकडेही चालेल.

पैसे आकारावेत काय? आकारले तर पैसेवाल्यालाच जागा मिळेल, ही शंका रास्त आहे. म्हणून खेड्यात वेळेची मर्यादाच बरी. तालुक्याच्या गावी गर्दीच्या ठिकाणी पहिला अर्धा तास मोफत व पुढे तासाप्रमाणे थोडे शुल्क ठेवावे. त्या पैशातून तिथेच दिवा, पाणी, मुतारी करावी आणि जमाखर्च फळ्यावर लिहावा. हिशेब दिसला की माणूस कुरकुरत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येतात. कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल असे वाहन रस्त्यात सोडता येत नाही. दारापुढे दगड मांडून, दोरी बांधून जागा राखणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की सार्वजनिक रस्ता हा कुणाच्या सातबाऱ्यावरचा नाही.

आता आपल्या घरचे. रात्री बंद पडलेली ट्रॉली अंधारात तशीच सोडू नका. मागे लाल परावर्तक पट्टी हवीच. चाकाखाली लावलेले दगड निघताना उचला. मागे राहिलेला तो एक दगड दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो.

शेअर किती का असेनात, सहकारात सभासदाला मत एकच. रस्त्यावरही मोठी गाडी म्हणून मोठा हक्क नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय आपणच मांडू या, आणि पहिली ट्रॉली आपलीच हलवू या.