किरणांपासून संरक्षणाचे शिक्षण : फी भरण्यापूर्वी बेणेमळा पाहा



उसाचे बिल बँकेत जमा झाले त्याच आठवड्यात एक सभासद आमच्या शेतकी विभागात आले. म्हणाले, "साहेब, पोरगी अमरावतीले भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता म्हन्ते, रेडिएशनपासून लोकायले वाचवाचं शिक्षन घरीच बसून ऑनलाईन घेता येते. फी एकदमच भरा लागते. सारं बिल त्यातच जाते. भरू काय?"

चाबूक काणीवर उपाय विचारला असता तर आम्ही उभ्या उभ्या सांगितला असता. येथे मात्र "भरून टाका" असे ओठावर आले होते, ते आवरले आणि चार दिवसांची मुदत मागितली. त्या चार दिवसांत जी माहिती मिळाली ती सर्वांच्या उपयोगाची आहे, म्हणून येथे देत आहोत.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. आपण पेरलेला टीएयू-१ उडीद आठवा. टीएयू म्हणजे ट्रॉम्बे अकोला उडीद. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९८५ साली हा वाण दिला. बियाण्यावर किरणे सोडून जो बदल घडवला, त्यातून तो पुढे आला. पिकात किरणे उरत नाहीत, ही शंका कोणी बाळगू नये. दवाखान्यातला एक्स-रे, कर्करोगावरील किरणोपचार, बॉयलरच्या नळ्यांच्या जोडांची इरिडियम-१९२ ने होणारी तपासणी, ही सर्व याच शक्तीची कामे.

पण शक्ती आली की जोखीम आलीच. २०१० साली दिल्ली विद्यापीठातील एक जुने यंत्र भंगारात विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, अनेकांना इजा झाली आणि एक कामगार दगावला. किरणांना रंग नाही, वास नाही. इजा होईपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून जेथे किरणे तेथे राखणदार हवाच. त्या राखणदारास किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणतात.

त्याच्या कामाची तीन सूत्रे शेतकऱ्यालाही पटतील. किरणांजवळ वेळ कमी घालवा, अंतर वाढवा, मध्ये शिसे किंवा काँक्रीटचा आडोसा धरा. अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो. कामगाराच्या छातीवर बिल्ला लावून त्याला किती किरणे लागली याची नोंद ठेवतात. ही मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी ती वर्षाला फक्त १ आहे.

आता शिक्षणाचे. घरबसल्या पदव्युत्तर शिक्षण ही थाप नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठ या विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाईन देते. गणित, किरणांचे गुणधर्म, कायदेकानू हे सर्व पडद्यावर शिकता येते. आधीच दवाखान्यात वा कारखान्यात नोकरी करणाऱ्याला याचा चांगला लाभ होतो.

परंतु आपल्या देशात या कामाला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले. किरणोपचार विभागात काम करावयाचे तर भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. नंतर मान्य संस्थेची पदविका, त्यानंतर सुसज्ज किरणोपचार विभागात एक वर्ष प्रत्यक्ष काम, आणि सुरक्षा अधिकारी होण्यासाठी वेगळी परीक्षा, असा मार्ग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची एक वर्षाची पदविका त्यातलीच असून तिला प्रवेश परीक्षा असते. दवाखान्यातले ते एक वर्ष मोबाईलवर होत नाही. ऊसतोड पुस्तकात वाचून कोयता हाती बसतो काय?

आम्ही त्या मुलीला जाहिरात घेऊन बोलावले. जाहिरातीत नोकरीची हमी मोठ्या अक्षरात होती, मंडळाच्या मान्यतेचा शब्द कोठेच नव्हता. मुलीने स्वतः दूरध्वनी करून विचारले. पलीकडून उत्तर आले, "मान्यतेचं नंतर पाहू." फोन ठेवून मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, पैसे राहू द्या. मी मुंबईच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो." वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मुंबई दूर पडते साहेब, पन पोरगी खरं शिकन."

प्रवेश मिळेल की नाही हे आज सांगता येत नाही. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. पण बिल शाबूत आहे आणि वाट सरळ आहे.

आपण बेणे घेताना मळा पाहतो, वय विचारतो, डोळे तपासतो, मगच पैसे मोजतो. मुलांच्या शिक्षणाला ही रीत का नसावी? तरी सभासदांनी फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. अभ्यासक्रमास नियामक मंडळाची मान्यता आहे काय? प्रत्यक्ष काम कोठे आणि किती महिने? मध्येच सोडल्यास फी परत मिळते काय? उत्तर टाळले तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि मुलगी शिकायचे म्हणते म्हणून "कायले पाह्यजे" असे म्हणून तिला थांबवू नये, ही आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी