बंधाऱ्यातले पाणी

'कसबा' हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा आहे. मराठीनेही तो आपलासा केला आहे. कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगा नदीच्या काठी असाच एक जुना कसबा आहे. त्याचे नाव कसबा बावडा. आता तो शहराचाच भाग झाला आहे.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची मिळून पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असे लोक मानतात. बावड्याजवळ या नदीवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचे लक्ष त्याच्याकडे असते. तिथे पाणी ३९ फुटांवर गेले, की लोकांना इशारा देतात. ४३ फूट ही धोक्याची पातळी. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्याही वर गेले होते.

उन्हाळ्यात मात्र तिकडे फारसे कोणी पाहत नाही. खरे तर नदीची परीक्षा तेव्हाच असते.

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांब असतात. पावसाळा संपला, की खांबांच्या मधे फळ्या बसवून पाणी अडवतात. या फळ्यांना 'बरगे' म्हणतात. पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. अडवलेल्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहतात.

वाहते पाणी दगडांवर आपटते, खळखळते. त्यामुळे हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. साठलेल्या पाण्यात तो कमी मिसळतो. शिवाय पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३० अंशांना साडेसातच. अशा पाण्यात सांडपाणी आले, की सूक्ष्म जीवाणू त्यातली घाण खातात आणि उरलेला प्राणवायू वापरून टाकतात. बहुतेक माशांना लिटरमागे ४-५ मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही, की मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि शेवटी मरून तरंगू लागतात.

डोळ्यांना न दिसणारा हा प्राणवायू कसा ओळखायचा? १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पंचगंगेच्या आणि रंकाळा तलावाच्या पाण्याचा अभ्यास झाला आहे. अशा अभ्यासात एक जुनी, सोपी परीक्षा उपयोगी पडते. बाटली नदीच्या पाण्याने काठोकाठ भरायची. हवेचा एक बुडबुडाही आत राहता कामा नये. मग तिच्यात दोन रसायने घालायची. साका तपकिरी झाला, तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर तो संपला आहे. तो नेमका किती आहे, हे पुढच्या मोजणीतून कळते.

बंधाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण घाण काही बंधारा करत नाही. ती शहरातून जयंती नाल्यासारख्या नाल्यांनी येते. बावड्यात रोज ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारे केंद्र उभारले आहे. नाल्याचे पाणी तिथपर्यंत पंपाने न्यावे लागते. पंप बंद पडला, तर तेच पाणी सरळ नदीत जाते.

आणि नदी बावड्याला थांबत नाही. ती पुढे इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीला जाते आणि कृष्णेला मिळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. त्यात काही माणसे दगावली. ही कावीळ सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरते.