खिशातली नोट कागदाची नाही, कापसाची! फाटली तर पैसे बुडतात का?

नाशिक : कांद्याचे पैसे घेऊन घरी आलात आणि बंडलात पाचशेची एक फाटकी निघाली, की किराणावाला ती घेत नाही, पंपावरही घेत नाहीत. मग कुणीतरी पन्नास-शंभर कापून ती ‘चालवून’ देतो. हा तोटा सोसायची गरज नाही.

आपल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी त्या इंग्लंडहून यायच्या. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, शंभर टक्के कापसाचा असतो. म्हणून खिशात राहून धुतली गेली तरी ती वहीच्या पानासारखी विरघळत नाही. पण सारखी घडी पडली, घाम-माती लागली, की घडीवरच फाटते.

मग प्लॅस्टिकची का नाही? ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये तशी नोट काढली. आपल्याकडेही दहा रुपयांच्या शंभर कोटी प्लॅस्टिक नोटा कोची, म्हैसूर, जयपूर, शिमला आणि भुवनेश्वरला चालवून बघायचं ठरलं होतं. 2014 मध्ये सरकारने संसदेत तसं सांगितलं. पण त्या नोटा काही आपल्या हातात आल्या नाहीत.

बदललं ते डिझाइन. 2016 नंतरची पाचशेची नोट जुनीपेक्षा लहान आहे, 15 सेंटीमीटर लांब. दोन्ही कडांना उठावाच्या तिरप्या रेषा आहेत: पाचशेला पाच, शंभरला चार, दोनशेला चार आणि त्यात दोन गोल. ही सोय दृष्टिहीनांसाठी केली, पण पहाटे अंधारात पैसे मोजणाऱ्यालाही अंगठा फिरवून नोट ओळखता येते. नोट तिरपी केली की तिच्यातल्या तारेचा हिरवा रंग निळा दिसतो, तेही बघून घ्या.

आता फाटक्या नोटेचं. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वात मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काहीच नाही. वीसपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून जास्त भाग लागतो. घरी पट्टी लावून बघा: पाचशेची नोट उभी सरळ फाटली असेल आणि तुकडा 12 सेंटीमीटरपेक्षा लांब असेल, तर पूर्ण पाचशे तुमचे. दुसरा तुकडा सापडला तर तोही सोबत न्या.

राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जा, तिथे खातं नसलं तरी चालतं.  जळालेली किंवा हात लावताच तुटणारी नोट मात्र रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसलाच द्यावी लागते.