उघड्या टपाची छोटी गाडी

वर्धा जिल्ह्यात उघड्या टपाची गाडी रोजच्या कामाला जुंपलेली पाहायची असेल, तर सेलू तालुक्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार गाठावे. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या सुमारे १३८ चौरस किलोमीटरच्या या जंगलात मोकळी जिप्सी ही पर्यटकांची ओळखीची गाडी. मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये ती आणली तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन होते, लांबी चार मीटरच्या आसपास होती आणि ती कापडी हुडासह मिळत होती. बोर, ताडोबा, पेंच या विदर्भातल्या जंगलांचे पर्यटन मोठ्या प्रमाणात याच गाडीवर वाढले. परवडणारी छोटी गाडी उघड्या टपाची असू शकते का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे आपल्याच जिल्ह्यात कित्येक वर्षे धावते आहे. अवघड आहे ते उरलेले अर्धे. वर्धा शहराला लागून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या वस्तीत घरांपुढे दिसतात त्या ऑल्टो, वॅगन-आर, टियागो अशा गाड्या. यांच्यापैकी एखादीचा टप उघडता येईल का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक पक्की अट आहे. टप कारखान्यात उघडला गेला पाहिजे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा व खांब शाबूत राहिले पाहिजेत. तयार गाडीचा टप गॅरेजात कापणे हा या प्रश्नावरचा मार्ग कधीच होऊ शकत नाही.

जिप्सीला जे सहज जमले ते ऑल्टोला का जमत नाही, हे दोन्ही गाड्यांच्या सांगाड्यात पाहावे लागते. जिप्सी शिडीसारख्या शॅसीवर उभी आहे. दोन लांब पोलादी तुळ्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, अशी तिची रचना. खड्ड्यात एक चाक गेले की गाडीला जो पीळ बसतो तो ही शिडी सोसते. वरचा टप काढला काय आणि ठेवला काय, तिला फारसा फरक पडत नाही. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्या मात्र मोनोकॉक पद्धतीच्या आहेत. तिथे वेगळी शॅसी नसते. जमीन, दाराखालच्या पेट्या, खांब आणि टप यांचे पत्रे वेल्डिंगने एकत्र जोडून जी बंद पेटी तयार होते, तीच शॅसी आणि तीच बॉडी. गाडी हलकी आणि स्वस्त होते ती यामुळेच. विदर्भातल्या घरोघरी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा धान्यासाठी किंवा पाण्यासाठी वापरात येतो. बंद असतो तोवर तो दोन हातांनी पिळला तरी हलत नाही. वरचा पत्रा कापला की तोच डबा लगेच वाकडातिकडा होऊ लागतो. म्हणून कापल्यावर त्याची कड दुमडून ठोकतात आणि वर आडवी लाकडी दांडी बसवतात. मोनोकॉक गाडीचा टप काढताना अभियंत्याला नेमके हेच करावे लागते, फक्त कितीतरी मोठ्या हिशेबाने.

हा हिशेब एकेक करून मांडला म्हणजे खर्च कुठे होतो ते कळते. टपाने वाहून नेलेला पीळ आता जमिनीवर येतो, म्हणून दाराखालच्या पेट्या जाड कराव्या लागतात आणि बुडाशी आडव्यातिडव्या पट्ट्या टाकाव्या लागतात. गाडी उलटली तर डोक्यावर काहीच उरत नाही, म्हणून समोरच्या काचेची चौकट अधिक जाड पोलादाची करावी लागते आणि मागे संरक्षक कमान द्यावी लागते. सगळ्यांत बिकट प्रश्न मधल्या खांबाचा. जगातल्या बहुतेक उघड्या गाड्या दोन दारांच्या असतात, तर आपल्या छोट्या गाड्या चार दारांच्या. चार दारांच्या गाडीत मागच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असतात आणि पुढच्या सीटबेल्टचे वरचे टोकही तिथेच अडकवलेले असते. टप कापला की हा खांब वरून सुटा होतो. धडक बसताच माणसाचे सगळे वजन पट्ट्यातून ज्या टोकावर येणार, ते टोकच तेव्हा डगमगणारे असते. हे सगळे सावरता सावरता लहान गाडीचे वजनही सहज शंभर किलोच्या आसपास वाढते. इंजिन तेवढेच राहिल्याने गाडी मंदावते आणि पेट्रोल जास्त खाते. टप काढायला फारसे काही लागत नाही. टपाचे काम दुसरीकडून भागवायला मात्र जवळजवळ नवी गाडी रचावी लागते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. सुझुकीने ते प्रत्यक्ष करून पाहिले आहे. आपल्याकडे १९९० मध्ये आलेली मारुती १००० ही सुझुकी कल्टस या गाडीची डिकीवाली बहीण. त्याच कल्टसची उघड्या टपाची आवृत्ती सुझुकीने जपानमध्ये बनवली आणि ती अमेरिकेत १९९० ते १९९३ या काळात जिओ मेट्रो या नावाने विकली गेली. तिथल्या अतिशय स्वस्त उघड्या गाड्यांत ती मोडत होती. पण त्यासाठी मागची सीट काढून टाकावी लागली. चार-पाच जणांची गाडी दोघांची झाली. फ्रान्समध्ये प्यूजोने २००० मध्ये २०६ या लहान गाडीला घडी होणारा पोलादी टप दिला आणि ती गाडी लाखांनी खपली. मूळ २०६ चा खप प्रचंड असल्याने नव्या सुट्या भागांचा खर्च पसरायला तिथे जागा होती. तरीही उघड्या टपाच्या गाडीची किंमत साध्या गाडीपेक्षा बरीच वर राहिली. आपल्याकडचे दोन प्रयत्नही याच हिशेबात बसतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सची स्टॉर्म आली. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचे सुमारे १.२ लिटरचे इंजिन, दोन आसने आणि उघडा टप. ती फार थोड्या संख्येने बनली आणि मोठ्या बाजारापर्यंत पोहोचलीच नाही. २००० मध्ये टाटांनी आरिया नावाची दोन आसनांची उघडी संकल्पना-गाडी प्रदर्शनात मांडली; त्या रूपात ती विक्रीला कधीच आली नाही. दोन्ही ठिकाणी कौशल्याची वाण नव्हती. ज्या गाडीसाठी वेगळी बॉडी रचावी लागते आणि जिला घेणारे मोजके असतात, तिला स्वस्त राहता येत नाही. माझदाची एमएक्स-५ ही जणू याची उलट बाजू. १९८९ मध्ये ती मुळातच उघडी म्हणून रचली गेली, २०१६ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला, आणि तरीही ती कुटुंबाची गाडी झाली नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता, पण गाड्यांच्या इतिहासात दुसरी एक वाट आहे आणि ती गरीब घरांतून गेली आहे. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनने २सीव्ही ही गाडी मांडली. शेतकऱ्याला परवडावी, खेड्यातल्या रस्त्यांवर चालावी यासाठी रचलेल्या या गाडीला मागेपर्यंत गुंडाळता येणारे कापडी छप्पर होते. कापड पोलादापेक्षा हलके आणि स्वस्त, शिवाय छप्पर गुंडाळले की उंच सामान आत उभे राहते, ही त्यामागची कारणे. १९५७ मधल्या छोट्या फियाट ५०० नेही कापडी टपाची हीच युक्ती वापरली. या दोन्ही गाड्यांत बाजूच्या चौकटी आणि खांब जागेवर होते. उघडत होते ते फक्त मधले छत. फियाटने २००९ मध्ये ५००सी आणली तेव्हा तीच कल्पना नव्या सुरक्षा-नियमांत बसवून दाखवली. दरवाजे, काचा आणि टपाच्या दोन्ही कडा मूळ गाडीप्रमाणेच राहतात, त्यांच्यामधून कापडी छत सरकत मागच्या सीटच्या पाठीशी जाऊन बसते आणि चारही जागा कायम राहतात. मोनोकॉक पेटीचा पीळ पेलण्यात टपाच्या मधल्या पातळ पत्र्यापेक्षा त्याच्या कडांचा वाटा फार मोठा असतो. कडा राखल्या आणि पुढे-मागे आडव्या तुळ्या ठेवल्या, तर जाडी वाढवण्याचा खर्च आटोक्यात राहतो आणि मधला खांब वरून सुटा होत नाही. भारतातल्या चार दारांच्या छोट्या गाडीला हा मार्ग सर्वांत जवळचा आहे.

पहिला आक्षेप हवामानाचा, आणि वर्ध्यात तो हलक्यात घेता येत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जातो, जून ते सप्टेंबर पाऊस असतो. मग उघड्या टपाचा उपयोग किती? पण बंद होणारा टप बंद ठेवता येतो, हाच तर या रचनेचा अर्थ. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या सकाळ-संध्याकाळी आणि उन्हाळ्यातल्या रात्री हा काळ छोटा नाही. दुपारच्या उन्हात दुहेरी अस्तराचे, गडद कापडी छत काचेच्या सनरूफपेक्षा सोयीचे ठरेल, कारण काचेतून ऊन आत येते. लोकांना हे हवे आहे का, याचे उत्तर तर बाजारानेच दिले आहे. २०२३ मध्ये ह्युंदाईची एक्स्टर आणि टाटांची अल्ट्रोझ यांसारख्या छोट्या गाड्यांना सनरूफ मिळाले आणि पाहता पाहता ती जाहिरातीतली पहिली ओळ झाली. आकाश दिसावे म्हणून मध्यमवर्गीय कुटुंब जास्तीचे पैसे मोजते आहे. त्याच सनरूफमधून मुलांना उभे करून गाडी हाकण्याची घातक सवयही पसरते आहे आणि ती थांबलीच पाहिजे. मोठे छत उघडले की बसल्या जागी, पट्टा लावून आकाश दिसते. उभे राहण्याचे निमित्तच उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी वाट कशाला पाहायची, चांगल्या डेंटरकडून टप कापून घेता येतो. लग्नाच्या वरातीसाठी आणि मिरवणुकांसाठी अशा गाड्या केल्याही जातात. इथे कायदा निःसंदिग्ध आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त किट आणि दिव्यांगांसाठीचे बदल यांना त्यात वेगळी वाट ठेवली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एमएच ३२ पाटीची कापलेली गाडी अपघातात सापडली, तर विम्याच्या दाव्यापुढेही अडचण उभी राहू शकते. पण कायदा नसता तरी उत्तर बदलले नसते. डेंटर पत्रा सुबक वळवेल, पण धडकेत मधला खांब किती वाकेल हे मोजायला लागणारी साधने पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत असतात, आणि तिथेही चाचणी नव्या नमुन्याची होते, कापलेल्या जुन्या गाडीची होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: ज्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, तिथे डोक्यावरचा पत्रा काढण्याचा आग्रह धरावाच कशाला? समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि त्यावर गाड्यांना १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात गाडी उलटली तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विचारलाच पाहिजे. जिप्सीचा शेवटही हेच सांगतो. धडक-चाचणी, एबीएस आणि प्रदूषण यांचे नवे नियम जवळ आले आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. २०२३ मध्ये तिच्या कुळातली जिम्नी पाच दारांनिशी आली ती पक्क्या पोलादी टपाची. पण याच नियमांच्या काळात दुसरा पुरावाही तयार झाला. नाशिकला बनणारी महिंद्रा थार २०२० मध्ये नव्याने आली तेव्हा तिची लांबी चार मीटरच्या आत होती, बॉडीतच संरक्षक पिंजरा होता आणि तिची उघड्या टपाची आवृत्तीही विक्रीला होती. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत थारला चार तारे मिळाले. उघडा टप आणि सुरक्षितता यांचे जन्मजात वैर नाही. पिंजरा रचनेत आधीपासून असला तर दोन्ही साधता येतात. कडा राखलेल्या गाडीत हा पिंजरा आयताच असतो. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले आहे. अशा गाडीने टप उघडा ठेवून त्या परीक्षेला बसावे, ही मागणी ग्राहकाने निःसंकोच करावी.

शेवटचा आक्षेप उत्पादकाचा: एवढ्याशा मागणीसाठी वेगळी गाडी परवडणार कशी? पूर्ण उघड्या गाडीच्या बाबतीत तो खराच आहे. कडा राखलेल्या गाडीत मात्र दरवाजे, काचा, डॅशबोर्ड, इंजिन आणि बॉडीचे बहुतेक साचे तेच राहतात. बदलतात ते टपाचा पत्रा, छताची यंत्रणा आणि काही मजबुतीकरण. सनरूफसाठी टपाला भोक पाडून भोवती चौकट बसवण्याची सोय कारखान्यांत आधीच आहे. हे त्याचेच मोठे रूप. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत राहिले, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला १८ टक्के जीएसटीचा लाभही सुटत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर जमिनीखालची बॅटरीची पेटी बुडाला आपसूक ताठपणा देते, त्यामुळे टपावरचा भार आणखी हलका करता येतो. छत हाताने सरकवण्याजोगे ठेवले, मोटर आणि काच यांचा हट्ट सोडला, तर सनरूफवाल्या आवृत्तीच्या आसपासच्या किमतीत ही गाडी बसवणे अशक्य वाटत नाही.

आज बाजारात उघड्या टपाची निवड दोन टोकांना आहे: एका टोकाला परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्या, दुसऱ्या टोकाला डोंगर-जंगलासाठी रचलेल्या जीपा. मधला मोठा वर्ग रोज कामावर जातो, सुटीला सेवाग्राम-पवनार करतो आणि एकाच गाडीत सगळे घर बसवतो. त्याच्यासाठी कोणी विचार केलेला नाही. सित्रोएन आणि फियाटने युद्धानंतरच्या टंचाईत जे कापड आणि जी अक्कल वापरली, ती पुण्या-नाशिकच्या कारखान्यांना आज दुर्मीळ नाही. ग्राहकाने आपली मागणी मात्र नेमकी करायला हवी: मोटर फिरवून काच सरकवणारी खिडकी पुरेशी नाही, कडा पक्क्या, खांब जागेवर, पट्ट्याचे टोक मजबूत आणि मध्ये पूर्ण लांबीचे कापडी छत हवे. अशी गाडी स्वस्त असू शकते, कारण हे छप्पर मुळात स्वस्त गाडीसाठीच जन्माला आले होते.