लष्करी विमानतळांवरील देखभाल व बांधकाम

लष्करी विमानतळांवरील देखभाल व बांधकाम म्हणजे सेनादलांच्या ताब्यातील विमानतळांवर धावपट्टी, टॅक्सीमार्ग, विमाने उभी करण्याची फरसबंद जागा, दिवे, पाण्याचा निचरा करणारी गटारे व हँगर यांची उभारणी आणि दुरुस्ती यांचे नियोजन करून ती कामे पार पाडण्याची प्रक्रिया होय. या कामांचे वेगळेपण असे की, ज्या जागेवर काम करायचे ती जागा कामाच्या काळातही शक्य तितकी वापरात ठेवावी लागते. रस्ता खणताना शेजारून वळणरस्ता काढता येतो; एकच धावपट्टी असलेल्या तळावर तशी सोय नसते. त्यामुळे धावपट्टी कोणाला, किती वेळ आणि कोणत्या स्थितीत मिळणार, हाच या कामांतील मुख्य प्रश्न असतो.

कामाची गरज

ऊन आणि पाऊस यांमुळे डांबर कडक होते, त्याला भेगा पडतात व खडी सुटू लागते. काँक्रीटच्या सांध्यांतील भरण निघून गेल्यास पाणी खालच्या थरात मुरते. विमाने जेथे टेकतात तेथे टायरचे रबर साचते आणि पावसात धावपट्टी निसरडी होते.

लढाऊ विमानांच्या दृष्टीने सुटी खडी विशेष धोकादायक असते, कारण जेट इंजिन ती हवेबरोबर आत खेचते व त्याच्या पात्यांची हानी होते. हा धोका इतका गंभीर मानला जातो की, मिग-२९ या विमानाच्या मूळ रचनेत जमिनीवर धावताना इंजिनांची मुख्य हवामुखे बंद ठेवणारी झडपे होती. सांडलेल्या इंधनाने डांबर मऊ पडते. म्हणून विमाने उभी करण्याच्या जागी बहुधा काँक्रीट वापरतात.

नियोजन

प्रथम फरसबंदीची पाहणी करून तिची भारवहनक्षमता ठरवली जाते. तळावर अधिक वजनाचे विमान येणार असल्यास केवळ वरचा थर बदलणे पुरेसे आहे की पाया मजबूत करावा लागेल, याचा निर्णय या टप्प्यावर होतो.

त्यानंतर कामाचे टप्पे पाडले जातात. कोणता भाग केव्हा बंद राहील, यंत्रे व मजूर कोणत्या वाटेने ये-जा करतील, आणीबाणीत धावपट्टी किती वेळात मोकळी करता येईल आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हे लेखी ठरवले जाते. तळप्रमुख, हवाई वाहतूक नियंत्रक, अभियंते आणि कंत्राटदार या सर्वांना हा आराखडा मान्य असावा लागतो. बंद भागांची सूचना वैमानिकांना ‘नोटाम’द्वारे दिली जाते. कामगारांची ओळख-पडताळणी आणि दारूगोळ्याच्या साठ्यापासूनचे सुरक्षित अंतर या बाबी लष्करी तळावर अधिकच्या असतात.

बंद भाग स्पष्टपणे दर्शवण्याचे महत्त्व एका नागरी दुर्घटनेतून अधोरेखित झाले. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैवानमधील तैपेई येथे सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाने वादळी पावसात चुकून दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून उड्डाणाचा प्रयत्न केला. ते बांधकामाच्या यंत्रसामग्रीवर आदळले आणि ८३ जणांचा मृत्यू झाला.

प्रत्यक्ष काम

धावपट्टी दिवसा वापरात असल्यास डांबरीकरण रात्री केले जाते. जुना थर खरवडणे, गरम मिश्रण पसरणे, रोलर फिरवणे आणि थर थंड होऊ देणे ही सर्व कामे ठरलेल्या तासांत बसवावी लागतात. पाळी संपताना नव्या व जुन्या थरांतील पायरी तशीच ठेवता येत नाही. तेथे तात्पुरता उतार करतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार ५ सेंटिमीटरपर्यंतच्या थरासाठी हा उतार ०.५ ते १ टक्का असावा. म्हणजेच ५ सेंटिमीटरच्या थरासाठी उताराची लांबी ५ ते १० मीटर होते. बहुतेक विमानांना हा उतार चढावा न लागता उतरावा लागेल, अशा दिशेने काम पुढे नेणे इष्ट मानले जाते.

शेवटी झाडलोट, तात्पुरते पट्टे रंगवणे, दिव्यांची तपासणी आणि संयुक्त पाहणी होते. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने मान्यता दिल्यावरच धावपट्टी उड्डाणासाठी खुली होते.

भारतातील यंत्रणा

भारतात ही कामे मुख्यतः १९२३ साली स्थापन झालेली मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस (एमईएस) करते. सीमावर्ती भागातील काही कामे सीमा रस्ते संघटनेकडे (बीआरओ) असतात. लडाखमधील न्योमा येथील धावपट्टीच्या कामाची पायाभरणी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. अशा अतिउंच प्रदेशात थंडीमुळे कामाचा हंगाम अल्प असतो. दिवे व दिशादर्शक यंत्रणा अद्ययावत करण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम असून, मे २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने ३७ विमानतळांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचा करार केला.

लोहगाव येथील काम

पुण्याजवळील लोहगाव येथील धावपट्टी भारतीय वायुदलाच्या मालकीची असून पुण्याची नागरी विमानेही तीच वापरतात. तिच्या पुनर्डांबरीकरणासाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत उड्डाणे बंद ठेवण्यात आली. सुमारे वर्षभर शहराची सर्व हवाई वाहतूक दिवसाच्या १२ तासांत सामावून घ्यावी लागली. अखेरच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे १४ दिवस सर्व नागरी उड्डाणे थांबवण्यात आली आणि १ डिसेंबर २०२१ पासून रात्रीची सेवा पुन्हा सुरू झाली. तुकड्यातुकड्यांत काम केल्यास वाहतूक चालू राहते, परंतु मुदत लांबते. पूर्ण बंद ठेवल्यास काम लवकर होते, परंतु तळाची सज्जता व प्रवाशांची सोय यांना झळ पोहोचते. लोहगाव येथे या दोन्ही पर्यायांचा क्रमाने अवलंब झाला.

युद्धकाळातील दुरुस्ती

युद्धात धावपट्टी हे शत्रूचे प्रमुख लक्ष्य असते. अशा वेळी संपूर्ण धावपट्टी दुरुस्त करण्याऐवजी उड्डाणाला पुरेल एवढा पट्टा निवडून तोच आधी मोकळा करतात. न फुटलेले बॉम्ब शोधणे, राडारोडा हटवणे, खड्डे भरून दाबणे आणि त्यांवर धातूच्या वा काचतंतूंच्या चटया अंथरणे असा कामाचा क्रम असतो.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात कच्छमधील भूज येथील धावपट्टी बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी मनुष्यबळ अपुरे असल्याने जवळच्या माधापर गावाची मदत घेतली. सुमारे ३०० स्त्रियांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. हल्ल्याचा भोंगा वाजताच त्या आडोशाला जात आणि धोका टळल्यावर कामावर परतत.

हे सुद्धा पहा

धावपट्टी
पुणे विमानतळ
भारतीय वायुसेना
सीमा रस्ते संघटना